वाडीच्या वर्गणीतून व्हायब्रेशन मशीन घ्यावे का?

पाखाडी

आमच्या वाडीच्या मंडळाकडे मुंबईकरांच्या वर्गणीतून काही रक्कम शिल्लक आहे. तिच्यातून सभागृहात व्हायब्रेशन मशीन, म्हणजे वर उभे राहायची थरथरणारी पाटी, घ्यावे, असा ठराव येत्या सभेत येणार आहे. तालुक्याच्या गावी लागलेल्या एका प्रदर्शनात आमच्यातले चौघे-पाच जण या मशीनवर उभे राहून आले, उतरल्यावर पाय हलके झाल्यासारखे वाटले, आणि विषय तेथून निघाला. विक्रेत्याने त्यांना सांगितले की, दहा मिनिटे उभे राहणे तासभर चालण्याच्या बरोबरीचे असते, गुडघेदुखी थांबते, हाडे भरतात, साखर उतरते आणि पोटही कमी होते. माझा या ठरावाला विरोध आहे. येथे या विषयाची माहिती असलेली मंडळी आहेत, म्हणून कारणे मांडतो. चुकत असेन तर सभेपूर्वी कळलेले बरे.

वाडी गुहागर तालुक्यात, डोंगरउतारावर आहे. घरातून डांबरी रस्त्यावर यायचे तर जांभ्याच्या सत्तर-ऐंशी पायऱ्यांची पाखाडी उतरावी लागते, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते, आणि बहुतेक घरांत साठी ओलांडलेली माणसेच उरली आहेत. गेल्या तीन पावसाळ्यांत दोघी जणी घसरून पडल्या व त्यांचा खुबा मोडला. त्यांतली एक पुन्हा कधी पाखाडी उतरली नाही. तेव्हा आमची गरज आहे ती मांड्यांत बळ असण्याची आणि शरीराचा तोल सांभाळता येण्याची.

मुळात ‘व्हायब्रेशन मशीन’ हे कोणत्याही एका यंत्राचे नाव नाही, आणि सगळा घोटाळा येथेच होतो. एका प्रकारची पाटी सेकंदाला तीसेक वेळा, पण मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी हलते. पायाखाली नुसती गुणगुण जाणवते. दुसऱ्या प्रकारची पाटी तितक्याच वेगाने दोन मिलिमीटर वर आणि तितकीच खाली जाते, आणि हिशेब केला तर तिच्यावरचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सातपट भरतो. हाडे भरण्याची जी गोष्ट विक्रेते सांगतात ती पहिल्या प्रकारची आहे. अमेरिकेत मेंढ्यांना वर्षभर रोज वीस मिनिटे अशा मंद पाटीवर उभे केले, तेव्हा त्यांच्या मांडीच्या हाडातील जाळीदार भागाची घनता ३४ टक्क्यांनी वाढली; हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु कॅनडात टोरांटो येथे पाळी गेलेल्या २०२ स्त्रियांवर तशाच मंद कंपनाची बारा महिने चाचणी झाली, रोज वीस मिनिटे, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्या हाडांच्या घनतेत काहीही फरक पडला नाही. मेंढीच्या हाडावरून आजीच्या हाडाबद्दल आश्वासन देणे मला योग्य वाटत नाही.

तासभर चालण्याचे गणितही टिकत नाही. पाटीवर असताना शरीर किती प्राणवायू वापरते हे मोजले, तर ते फार तर साध्या चालीइतके येते. म्हणजे दहा मिनिटे ती दहा मिनिटेच राहतात.

त्याच पैशात वर्षभर आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टला वाडीत आणता येईल. माझी उपसूचना तीच आहे.

खाडीकाठ

मी चिपळूण परिसरात फिजिओथेरपीचा व्यवसाय करते आणि मोठ्या कंपनाची पाटी माझ्याकडे सात वर्षांपासून आहे. विक्रेत्याच्या आश्वासनांबद्दल तुम्ही लिहिले ते सर्व मान्य आहे. पण तुम्ही मंद पाटीचा पुरावा देऊन दोन्ही पाट्या निकालात काढल्या आहेत, आणि ते बरोबर नाही.

स्नायूच्या आत ताण ओळखणारी एक बारीक रचना असते, तिला मसल स्पिंडल म्हणतात. कंपनाने ती पुन्हा पुन्हा ताणली जाते आणि मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता पाठीच्या कण्यातूनच स्नायूला आकुंचनाचा संदेश मिळतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया स्वीडनमधील संशोधकांनी १९६६ मध्येच वर्णन करून ठेवली आहे. आता बेल्जियममधील लूव्हेन येथील चाचणी पाहा. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. व्यायामाची सवय नसलेल्या तरुण स्त्रियांचा एक गट बारा आठवडे पाटीवर अर्ध्या बैठका करत होता. दुसरा गट तशाच पाटीवर तेच व्यायाम करत होता, फक्त त्यांच्या पाटीचे कंपन नाममात्र ठेवले होते. पहिल्या गटाची गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची लक्षात घेण्याजोगी वाढली नाही. म्हणजे वाढ नुसत्या बैठकांनी झाली नव्हती. त्याच विद्यापीठात पाळी गेलेल्या स्त्रियांवर सहा महिने केलेल्या २००४ च्या चाचणीत खुब्याच्या हाडाची घनता जवळजवळ एक टक्क्याने वाढलेली दिसली. एक टक्का लहान वाटेल, पण त्या वयात हाड घटतच जाते हे ध्यानात घ्यावे.

माझ्याकडे दोन महिने अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आल्या होत्या. मांड्या हातात धरल्या तर कणीक धरल्यासारख्या लागत. ‘बैठक मारा’ म्हटले की त्या कंबर वाकवत, गुडघा वाकतच नसे. त्यांना पाटीवर उभे केले, दोन्ही हात दांडीवर ठेवायला लावले, आणि पाटावर बसायला निघालेले माणूस जेथपर्यंत वाकते तेथे थांबवले. पंचेचाळीस सेकंद कंपन, मिनिटभर विश्रांती, असे पाच वेळा. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मांडीवर हात ठेवून दाखवले, की इथे ओढ बसते आहे. कोणता स्नायू वापरायचा हे शरीराला पुन्हा कळले, आणि पुढचे काम खुर्चीच्या व्यायामांनी झाले. पाटीचा हा उपयोग मी रोज पाहते.

पाखाडी

लूव्हेनच्या चाचणीत तिसराही एक गट होता, आणि माझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. त्या स्त्रियांनी पाटीशिवाय, नेहमीच्या वजनाच्या यंत्रांवर व्यायाम केला आणि त्यांची ताकद १४ टक्क्यांच्या आसपास वाढली. सोळा आणि चौदा यांतला फरक वाडीचे पैसे खर्च करण्याइतका मोठा नाही. वाळू भरलेली पिशवी पायाला बांधून खुर्चीत बसल्या बसल्या गुडघा सरळ करणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, हे व्यायाम विजेशिवाय होतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज किती वेळ असते हे येथे सर्वांना ठाऊक आहे. आणि पडण्याचेच म्हणाल, तर वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्यांमधील तेवीस हजारांहून अधिक वृद्धांचा हिशेब मांडला आहे. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष आहे. त्यातही तोल सांभाळण्याच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या नेहमीच्या हालचालींच्या व्यायामाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे.

मचवा

मी हर्णैच्या बंदरातून सुटणाऱ्या ट्रॉलरवर एकवीस वर्षे इंजिन सांभाळले. डिझेल इंजिन चालू असताना पायाखालची फळी, बसायची पेटी, निजायची जागा सगळेच थरथरत असते, आणि किनाऱ्यावर उतरल्यावरही रात्रभर अंगात ती थरथर राहते. माझ्या कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकली आहे, आणि माझ्याबरोबरच्या दोघांची तीच तक्रार आहे. ट्रॅक्टर आणि ट्रक चालवणाऱ्यांच्या कंबरदुखीचा कंपनाशी संबंध जगभर मान्य झाला आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार तर कामगाराला आठ तासांत किती कंपन सोसू द्यावे याची कायद्याने मर्यादा आहे. जे आम्हाला पोटासाठी सोसावे लागले, ते म्हाताऱ्या माणसांना पैसे मोजून का द्यावे, हे मला समजत नाही.

खाडीकाठ

मचवा, तुमच्या कमरेचे कारण तुम्ही अचूक ओळखले आहे आणि मी ते नाकारणार नाही. बोटीवर तुम्ही बसून असता, तेव्हा धक्का थेट कण्यात जातो, आणि तो दिवसदिवस चालतो. पाटीवर माणूस गुडघे वाकवून उभा असतो, त्यामुळे बराचसा धक्का पोटऱ्या आणि मांड्या झेलतात, आणि एकूण वेळ पाच-सात मिनिटांच्या वर जात नाही. तरीही हे प्रामाणिकपणे सांगायला हवे की, युरोपातील त्या मर्यादेने हिशेब केला तर जोरदार पाटीवर दिवसभरात सोसायच्या कंपनाचा वाटा, पावलांपाशी मोजला तर, काही मिनिटांतच संपतो. गुडघे ताठ ठेवले तर तो धक्का डोक्यापर्यंत पोहोचतो. म्हणूनच देखरेखीवाचून ही पाटी वापरू नये, असे माझेही मत आहे.

सुरंगी

माझी आई कुडाळजवळच्या गावी एकटी राहते आणि भावाने तिला दोन वर्षांपूर्वी घरगुती मशीन आणून दिले. ते मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती पाय ताठ करून उभी होती, फळीवरची भांडी वाजत होती, आणि ती माझ्याशी बोलत होती तर तिचे शब्द दातांवर आपटत होते. चष्मा तिने आधीच काढून ठेवला होता, कारण तो नाकावरून घसरतो. मी तिला गुडघे थोडे वाकवायला सांगितले, आणि त्याच क्षणी तिचे डोके स्थिर झाले व आवाज नेहमीसारखा झाला. एवढी साधी गोष्ट विक्रेत्याने सांगितली नव्हती.

तरीही मी ठरावाच्या बाजूने आहे. आईची गुडघेदुखी कमी झाली आहे, ती देवळापर्यंत चालत जाते, आणि सकाळी सातला मशीनवर उभे राहायचे म्हणून वेळेवर उठते. ज्या गोष्टीने माणसाला बरे वाटते, तिला केवळ चाचणीत टक्के कमी आले म्हणून नाकारू नये.

पाखाडी

सुरंगी, तुमच्या आईंना बरे वाटते याचा आनंद आहे, पण ते बरे वाटणे कशामुळे, हा प्रश्न राहतोच. पॅरिसमधील शार्को या विख्यात मज्जाविकारतज्ज्ञाला कंपवाताचे रुग्ण सांगत की, आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर त्यांना हलके वाटते. त्यावरून त्याने हलणारी खुर्ची करवून घेतली आणि १८९२ मध्ये तिच्याबद्दल व्याख्यान दिले. सव्वाशे वर्षे होत आली तेव्हा शिकागोतील डॉक्टरांनी ती कल्पना पुन्हा तपासली. एका गटाला कंपन देणाऱ्या खुर्चीत बसवले, दुसऱ्याला तशाच खुर्चीत कंपनाशिवाय स्वस्थ बसवले. २०१२ मध्ये त्यांनी लिहिले की, दोन्ही गटांना बरे वाटले आणि त्यांच्यात फरक आढळला नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत सकाळी सातची ठरलेली वेळ, उभे राहणे आणि मुलाने आपल्यासाठी काही आणले ही भावना, यांचा वाटा मोठा असावा असे मला वाटते. तेवढे तर सभागृहातल्या खुर्च्यांवरही मिळेल.

सभागृहात हे मशीन ठेवले, तर त्यावर कोण चढेल हे कोण पाहणार, हीच माझी खरी चिंता आहे. किल्ली देवळाच्या पुजाऱ्यांकडे असते.

खाडीकाठ

ही चिंता रास्त आहे. पायात नुकतीच गुठळी झालेली, पेसमेकर बसवलेली, ताजे फ्रॅक्चर असलेली, कृत्रिम खुबा किंवा गुडघा बसवलेली, डोळ्याचा पडदा सरकलेली, मूतखडा असलेली, फिट येणारी माणसे आणि गरोदर स्त्रिया, यांना पाटीवर उभे करत नाहीत. तुमच्या वाडीतील खुबा मोडलेल्या बाईंना प्लेट किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल, तर ज्यांच्या नावाने हे मशीन घ्यायचे म्हणता त्यांनाच ते चालणार नाही. त्यामुळे कुलूपबंद सभागृहात, जाणकार माणसाशिवाय ठेवण्यासाठी मशीन घेऊ नये, या निष्कर्षाशी मी सहमत आहे.

पण तुमच्या उपसूचनेत ‘ही यंत्रे निरुपयोगी आहेत’ असे वाक्य घालू नका. बर्लिनमध्ये आठ आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलेल्या निरोगी तरुणांवर प्रयोग झाला, तेव्हा ज्यांनी झोपूनच, पायांनी जोर लावत, कंपनाचा व्यायाम केला त्यांचे पायांचे स्नायू आणि हाडे इतरांपेक्षा पुष्कळ टिकली. अशी झीज झालेला रुग्ण उद्या तुमच्या वाडीतूनही माझ्याकडे येईल, आणि सभेत ऐकलेल्या वाक्यामुळे त्याने पाटीवर पाय ठेवायला नकार दिला तर नुकसान त्याचे होईल. ‘सभागृहात देखरेखीशिवाय वापरण्यास योग्य नाही’ एवढेच लिहा.

पाखाडी

वाक्य बदलतो. दर बुधवारी सकाळी खुर्चीवरचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टचे मानधन आणि जाण्या-येण्याचा खर्च मंडळाकडून, आणि पाखाडीला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा, असे तीन मुद्दे उपसूचनेत मांडणार आहे. कठड्याचे काम गवंड्याला पावसाआधी सांगावे लागेल.