बी.एस्सी.चं गणित तुम्हाला कुठे अडलं, कसं सुटलं?

बारावीला गणितात नव्वदच्या वर मार्क मिळवलेली मुलं एफ.वाय.ला फिजिक्सच्या तासाला गप्प होतात, हे मी शिकवताना दरवर्षी बघते. म्हणून हा धागा. नेमकं कुठे अडलात ते लिहा.

माझं सांगते. लंबकाचं सूत्र पाठ होतं, पण साइन थीटाच्या जागी नुसता थीटा का लिहायचा? "कोन लहान आहे म्हणून." किती लहान? एका रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन, त्याचा साइन ०.१७३६. फरक अर्धा टक्का. ३० अंशांना ०.५२३६ आणि ०.५, म्हणजे जवळपास पाच टक्के. किती चूक चालवून घ्यायची हे आपण ठरवायचं असतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

(सांगली, फिजिक्स)
मी थर्मोत (थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णतेच्या शास्त्रात) आपटलो. दाबाचं घनफळानुसार, घनफळाचं तापमानानुसार, तापमानाचं दाबानुसार अशा तीन पार्शल डेरिव्हेटिव्हचा (बाकीची राशी स्थिर धरून काढलेल्या बदलाच्या दरांचा) गुणाकार होता. अपूर्णांकासारखं वरचं-खालचं काटलं आणि १ लिहिलं. उत्तर उणे १! मॅडमनी समासात दोनच शब्द लिहिले होते: "स्थिर काय?" होस्टेलवर येऊन आदर्श वायूच्या समीकरणावरून एकेक काढलं. पहिलं आलं उणे दाब भागिले घनफळ, दुसरं घनफळ भागिले तापमान, तिसरं तापमान भागिले दाब. सगळं कटलं, उणे चिन्ह तेवढं उरलं. दरवेळी स्थिर धरलेली राशी वेगळी होती आणि मी ती लिहीतच नव्हतो. आता कंसाबाहेर खाली ती लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.

(नांदेड, केमिस्ट्री)
बारावीला बी ग्रुप, गणित सोडलेलं. कायनेटिक्समधलं, म्हणजे रासायनिक क्रियांच्या वेगाच्या अभ्यासातलं, ०.६९३ म्हणजे २ चा नॅचरल लॉग, हे कळायला दुसरं वर्ष उजाडलं. रद्दीवाल्याकडून अकरावीचं गणिताचं पुस्तक आणलं आणि रोज पाच गणितं सोडवली. दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

(पुणे)
लंबकावरून आठवलं. स्फेरिकल कोऑर्डिनेट्समधला (अंतर आणि दोन कोनांनी बिंदूची जागा सांगायची पद्धत) साइन थीटा मला संत्र्याने शिकवला. सालीवर पेनाने उभ्या-आडव्या रेघा मारल्या. मध्यावर चौकोन रुंद, देठाकडे जाताना चिंचोळे होत गेलेले. ते आकसणं म्हणजेच साइन थीटा! हायड्रोजन अणूची इंटिग्रल्स त्यानंतर सुटू लागली. कर्ल (एखादं क्षेत्र बिंदूभोवती किती फिरतं याचं माप) मात्र अजून सूत्रानेच काढते. तो कुणी असा हातात धरून बघितला असेल, तर सविस्तर लिहा.