आठ महिन्यांत कोणी बाउंटी जिंकली नाही, म्हणून क्रिप्टो प्रकल्प सुरक्षित मानावा का?

सावधचित्त यांचा प्रश्न:

आमच्या मित्रमंडळाला एका नव्या क्रिप्टो प्रकल्पात पैसे गुंतवण्याविषयी विचारणा झाली आहे. प्रकल्पाचे नाव मुद्दामच देत नाही. मला त्याची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. त्यांच्या माहितीपत्रकात सुरक्षिततेविषयी एकच ठळक दावा आहे: स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधली (म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालून पैसे हाताळणाऱ्या कोडमधली) गंभीर त्रुटी दाखवणाऱ्याला पाच लाख डॉलर देण्याची बग बाउंटी आठ महिने खुली असूनही ती कोणालाही जिंकता आलेली नाही. एवढी रक्कम समोर असताना जगभरातल्या जाणकारांना काही सापडले नसेल, तर तेथे काही नसावेच, असे प्रथमदर्शनी वाटते. तरीही खुली बाउंटी ही सुरक्षेची चाचणी म्हणून कितपत ग्राह्य धरावी? दुसरे असे की, माझी भाची संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून अशा बाउंटींमध्ये भाग घेण्याचा तिचा विचार आहे. भारतात राहून हे करण्यात कायद्याची काही अडचण येते का?

अर्धविराम यांचे उत्तर:

"कोणाला सापडले नाही" असे म्हणताना कोणीतरी नीट शोधले होते हे आपण धरूनच चालतो, पण त्याची नोंद कोठेही नसते. ऑडिटमध्ये, म्हणजे तज्ज्ञांकडून करवून घेतलेल्या कोडच्या तपासणीत, निदान कोणी, कोडची कोणती आवृत्ती, किती काळ तपासली हे लिहिलेले असते. बाउंटीकडे आठ महिन्यांत शंभर जण फिरकले की एकही नाही, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नाही.

युलर फायनान्सचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. इथेरियम या ब्लॉकचेनवर कर्जव्यवहार चालवणाऱ्या या प्रकल्पाची अनेक ऑडिट झालेली होती आणि दहा लाख डॉलरची बाउंटीही चालू होती. 2022 मध्ये त्यांनी एक नवे फंक्शन जोडले, ज्याद्वारे खातेदाराला आपली ठेव प्रकल्पाच्या राखीव निधीला दान करता येत असे. मात्र दान केल्यावर त्या खात्यातले कर्ज तारणापेक्षा जास्त तर होत नाही ना, ही तपासणी त्यात राहून गेली. 13 मार्च 2023 रोजी एकाने फ्लॅश लोन (त्याच व्यवहारात फेडायचे विनातारण कर्ज) घेऊन मुद्दाम स्वतःचेच एक खाते बुडीत काढले, दुसऱ्या खात्यातून त्याचे तारण सवलतीत ताब्यात घेतले आणि सुमारे 19.7 कोटी डॉलर नेले. पुढे वाटाघाटींनंतर बहुतेक रक्कम परत आली, हा भाग वेगळा. तोवर ती त्रुटी कित्येक महिने उघड्यावर, सर्वांना वाचता येणाऱ्या कोडमध्ये, बाउंटीच्या छत्राखालीच होती. 12 मार्चपर्यंत ती बाउंटीतून कोणीही दाखवलेली नव्हती.

यात आकड्यांचाही हिशोब आहे. त्रुटी कळवली तर दहा लाख आणि वापरली तर जवळजवळ वीस कोटी, असे पर्याय असतील, तर बाउंटी फक्त प्रामाणिक माणसालाच बोलावते. म्हणून बक्षिसाची रक्कम नुसती न पाहता प्रकल्पात अडकलेल्या एकूण रकमेशी ताडून पाहावी.

शिक्कामोर्तब यांचे उत्तर:

बाउंटीच्या अटी वाचल्याखेरीज तिच्याविषयी मत बनवू नये, असे माझे ठाम मत आहे. 2018 मध्ये बिटफाय नावाचे हार्डवेअर वॉलेट (क्रिप्टो नाणी सांभाळण्याचे छोटे उपकरण) बाजारात आले. अँटिव्हायरस सॉफ्टवेअरमुळे प्रसिद्ध असलेल्या जॉन मॅकॅफी यांनी ते "हॅक होऊच शकत नाही" असे सांगत त्याचा जोरदार प्रचार केला आणि आधी एक लाख, मग अडीच लाख डॉलरची बाउंटी जाहीर झाली. अट अशी, की कंपनीने नाणी भरून दिलेले उपकरण विकत घ्यायचे आणि त्यातली नाणी काढून दाखवायची. आता हे वॉलेट खासगी किल्ली (नाण्यांवर ताबा देणारा गुप्त संकेत) साठवून ठेवतच नव्हते, वापरकर्त्याने टाकलेल्या वाक्यावरून ती दर वेळी नव्याने तयार करत होते. त्यामुळे ते वाक्य ठाऊक नसताना बंद उपकरणातून काही निघणे मुळातच दुरापास्त होते. खरा धोका होता तो उपकरणात आधीच फेरफार करून वापरकर्त्याचे वाक्य टिपण्याचा, आणि नेमका तोच त्या बाउंटीत बसत नव्हता. संशोधकांनी उपकरणावर ताबा मिळवून दाखवला, वापरानंतर त्याच्या तात्पुरत्या मेमरीत उरलेल्या किल्ल्याही काढून दाखवल्या, आणि ऑगस्ट 2018 अखेर कंपनीला तो दावा मागे घ्यावा लागला.

आणखी एक खोच सांगतो. बक्षीस प्रकल्पाच्या स्वतःच्याच टोकनमध्ये (म्हणजे त्यांनी काढलेल्या नाण्यात) मिळणार असेल, तर खरोखर गंभीर त्रुटी जाहीर होताच त्या टोकनचा भाव कोसळतो. म्हणजे काम जितके मोठे, तितका मोबदला हलका. तुमच्या प्रकल्पाचे पाच लाख कशात मोजलेले आहेत, ते पाहावे.

घाटमाथा यांचे उत्तर:

वरील दोन्ही प्रतिसाद योग्य असले, तरी त्यांवरून बाउंटी निरुपयोगी आहे असा समज होऊ नये. वर्महोल या ब्रिजमधून (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर नाणी नेणाऱ्या सेवेतून) 2 फेब्रुवारी 2022 रोजी 1,20,000 इथर (इथेरियमची नाणी) चोरीला गेले. त्याच महिन्यात इम्युनिफाय या बाउंटी चालवणाऱ्या संकेतस्थळावर बाउंटी खुली झाली आणि 24 तारखेला एका संशोधकाने दुसरी गंभीर त्रुटी कळवली, जिच्यामुळे ब्रिजमधला निधी कायमचा अडकून पडला असता. त्याला एक कोटी डॉलर मिळाले. भारतीय संस्थापकांच्या पॉलिगॉन या ब्लॉकचेनमध्ये डिसेंबर 2021 मध्ये एकूण 10 अब्जांपैकी 9 अब्जांहून अधिक मॅटिक नाणी धोक्यात आणणारी त्रुटी बाउंटीतूनच कळली. 3 तारखेला पहिली सूचना आली, लगेच दुसऱ्या संशोधकाचीही आली आणि 5 तारखेला दुरुस्ती झाली. तरीही मधल्या वेळेत कोणीतरी 8,01,601 मॅटिक चोरलेच.

म्हणूनच मला न दिलेल्या बक्षिसापेक्षा दिलेली बक्षिसे अधिक विश्वासार्ह वाटतात. ईओएस या ब्लॉकचेन प्रकल्पाने 2018 मध्ये प्रत्येक त्रुटीमागे 10,000 डॉलर देऊ केले, तेव्हा एकाच संशोधकाने आठवडाभरात 1,20,000 डॉलरच्या त्रुटी काढल्या. त्यावरून कोडच्या दर्जाविषयी शंका जरूर येते, पण तो कोड कोणीतरी वाचला, एवढे तरी सिद्ध होते. आठ महिन्यांत एकही किरकोळ त्रुटीसुद्धा मान्य झालेली नसेल, तर बाउंटीकडे कोणी फिरकलेच नसावे किंवा आलेल्या सूचना फेटाळल्या गेल्या असाव्यात, अशी शंका मी आधी घेईन.

नोंदवही यांचे उत्तर:

एक छोटी भर. कॉन्ट्रॅक्टचा कोड निर्दोष असला तरी पैसे जाऊ शकतात. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलर गेले, तेव्हा पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला मजकूर यांत तफावत होती, असे कंपनीने सांगितले. फेब्रुवारी 2025 मधल्या बायबिट या एक्स्चेंजच्या सुमारे दीड अब्ज डॉलरच्या चोरीतही सही करण्याच्या पडद्यामागचा कोड बदललेला होता. फक्त कॉन्ट्रॅक्टपुरती असलेली बाउंटी या वाटेकडे पाहतच नाही. चोरीनंतर रक्कम मिळवून देणाऱ्यासाठी जाहीर होते तिलाही बाउंटीच म्हणतात, पण तिचा सुरक्षा चाचणीशी काही संबंध नाही. माहितीपत्रकात या दोहोंची सरमिसळ केलेली नाही ना, तेही पाहून घ्यावे.

कलम_त्रेचाळीस यांचे उत्तर:

भाचीविषयीच्या प्रश्नाला उत्तर देतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणक यंत्रणेत प्रवेश करणे हा मुद्दा आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केल्यास कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्हेतूने त्रुटी शोधणाऱ्याला या कायद्यात स्वतंत्र संरक्षण नाही. त्यामुळे बाउंटीच्या पानावरचा मजकूर हीच तिची परवानगी, आणि त्या मजकुराबाहेर पडले की परवानगीही संपते. काम सुरू करण्याच्या दिवशीच्या अटींची प्रत तिने तारखेसह जपून ठेवावी.

चालू नेटवर्कवर कधीही प्रयोग करू नये. इम्युनिफायच्या नियमांतही त्याला मनाई आहे. फाउंड्री किंवा हार्डहॅट ही साधने वापरून नेटवर्कची प्रत स्वतःच्या संगणकावर उभी करता येते आणि त्रुटीचे प्रात्यक्षिक तेथेच तयार करता येते. बक्षीस क्रिप्टोमध्ये मिळाले, तर मिळाल्या दिवशीचे रुपयांतले मूल्य उत्पन्न म्हणून दाखवावे लागते. पुढे ते विकून नफा झाल्यास त्यावर 30 टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. रक्कम मोठी असेल, तर बक्षीस स्वीकारण्याआधीच चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घ्यावा.