शाळेच्या क्रिकेटचं पान आणि दोन धावांचा घोळ

ए-१०२: नमस्कार सगळ्यांना, आमच्या चिरंजीवांच्या शाळेचा यंदा अमृतमहोत्सव आहे आणि स्मरणिकेतलं "शाळेचं क्रिकेट" हे पान त्याच्या वर्गाकडे आलंय. आपल्या सोसायटीत त्या शाळेचे बरेच जण आहेत म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतेय. फोटो, कात्रणं, काहीही असेल तर सांगा प्लीज. शाळेत फक्त कपाटातल्या ढाली आहेत, त्यावर नुसतं विजेता आणि साल.

बी-३०४: वहिनी मी त्याच शाळेचा, १९८१ ची दहावी. ढालीवर काय असणार हो, फायनलचा निकाल तेवढा. शाळेचं क्रिकेट स्कोअरबुकात असतं आणि ती आपल्या शाळेनं एका उन्हाळ्याच्या सुट्टीत रद्दीत घातली, मला कळलं तेव्हा उशीर झाला होता, आजही आठवलं की पोटात तुटतं. एकच पुस्तक माझ्याकडे आहे कारण शेवटच्या मॅचनंतर ते माझ्याच दप्तरात राहिलं. मी स्कोअरर होतो. टीममध्ये बारावा, कधी चौदावा, पण सगळ्या मॅचला हजर.

सी-५०१: वा काका! तेव्हा टर्फ होतं का मॅटिंग?

बी-३०४: टर्फ कुठलं रे, मुरमाचं पीच आणि वर काथ्याची मॅट. सकाळी सहाला आम्ही चौघं मॅट खांद्यावर घेऊन जायचो, दवानं ओली असली की दुप्पट जड, मग ताणायची आणि चारी बाजूंनी खिळे ठोकायचे, एक कोपरा जरी ढिला राहिला तरी बॉल तिथंच पडून तोंडावर यायचा आणि सर आधी खिळे कोणी ठोकले ते विचारायचे. किटबॅग शाळेची एकच, ओपनर आऊट झाला की बाउंड्रीवरच पॅड सोडायचा आणि पुढचा ते घामानं भिजलेले पॅड तसेच बांधायचा. मिलचा भोंगा झाला की लंच, वेगळं घड्याळ कुणाकडे नव्हतं. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, समोरच्या टीमची पोरं पण त्यातच हात घालायची. वहिनी हे सगळं लिहून घ्या, ढालीवर यातलं काहीच नाही.

सी-५०१: आता आमच्या टुर्नामेंटला ॲपवर बॉल टू बॉल असतं, रद्दीत जायचा प्रश्नच नाही 

बी-३०४: चांगलंच आहे की. पण जुनं ॲपवर कोण टाकणार? शालेय क्रिकेटमधलं जे काही आपण आज छातीठोकपणे सांगतो ना ते कुण्यातरी पोरानं नाहीतर सरांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं म्हणून. १९८८ ला मुंबईतल्या शाळांच्या हॅरिस शिल्ड स्पर्धेच्या सेमीफायनलला सचिन आणि कांबळीची नाबाद ६६४ ची पार्टनरशिप, सचिन ३२६, कांबळी ३४९, त्यांची शाळा शारदाश्रम २ बाद ७४८ आणि समोर सेंट झेवियर्स शाळेकडून साईराज बहुतुले बॉलिंगला. हे काय टीव्हीवर होतं का? वहीत होतं. कल्याणच्या प्रणव धनावडेनं २०१६ ला नाबाद १००९ केल्या, ३२७ बॉल, १२९ चौकार, ५९ षटकार. आता त्या स्कोअररचा विचार करा, चौकटीत जागा तरी पुरली असेल का!

डी-४०३: आणि त्याच्या आधीचा रेकॉर्ड इंग्लंडमधल्या शाळेतल्या पोराचा होता ना?

बी-३०४: बरोबर. ए. ई. जे. कॉलिन्स, क्लिफ्टन कॉलेज, जून १८९९, वय १३, जन्म आपल्या भारतातला, हजारीबागचा. हाऊस मॅचमध्ये, म्हणजे शाळेतल्याच दोन गटांच्या मॅचमध्ये, नाबाद ६२८, अनेक दुपारी मॅच चालली. ११६ वर्षं रेकॉर्ड टिकला. मोठेपणी सैन्यात गेला आणि १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये लढाईत गेला बिचारा. पण मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे त्या मॅचच्या स्कोअररनं मान्य केलं होतं की ६२८ म्हणजे वीसेक इकडेतिकडे धरा. स्कोअरर असाच पाहिजे, घोळ असला तर घोळ म्हणून सांगणारा.

सी-२०२: मी पण बोलू का. त्याच शाळेची, १९८६ ची बॅच. मुलींचं काय? आम्हाला खोखो आणि लंगडी. क्रिकेटला आम्ही कट्ट्यावर बसून टाळ्या वाजवायच्या आणि बॉल इकडे आला की परत फेकायचा, फेकताना मात्र सगळ्या जणी जोर लावायच्या. आज आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे २०२२ ला टी-ट्वेंटीत नाबाद १६२ करते, तेही नागालँडकडून, आणि त्याच वर्षी भारताकडून खेळते. तेव्हा पानावर मुलींची टीम कधी सुरू झाली तेही येऊ द्या, सुरूच नसेल झाली तर तसं लिहा.

ए-१०२: ताई नक्की लिहिते. सुरू झाली का ते उद्याच विचारते.

बी-३०४: ताई शंभर टक्के. आणि वहिनी पानावर एका कोपऱ्यात पॉली उम्रीगर यांचं नाव येऊ द्या, आपल्या शाळेचे नव्हेत पण जन्म सोलापूरचा, १९२६. टेस्टमध्ये भारताची पहिली डबल सेंच्युरी त्यांची, २२३, हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध, १९५५. आपल्या पोरांना हे माहीत पाहिजे.

बी-३०४: आता माझ्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो टाकतो, आंतरशालेयची मॅच, जानेवारी १९८१, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या आदल्या आठवड्यातली. हे पान आजतागायत जुळलेलं नाही. तेव्हा वाईड नो-बॉल बोलरच्या खात्यात जात नसत, म्हणजे सगळ्या बॅट्समनची बेरीज आणि सगळ्या बोलरची बेरीज सारखी यायलाच पाहिजे. इथं बॅट्समन १३१, बोलर १२९. आमच्या कॅप्टनचे ५० आहेत. त्या रात्री मी चार वेळा बेरीज केली.

डी-४०३: थांबा थांबा. ही मॅच आमच्या शाळेविरुद्धची आहे!! तुमच्या शेजारी टेबलावर स्कोअरला मीच होतो, चष्मेवाला.

बी-३०४: काय सांगता!! सहा वर्षं एका लिफ्टमधून खाली जातोय आपण.

डी-४०३: कॅप्टन ४८ वर होता, बॉल पॅडला लागून फाईन लेगला गेला, दोघं पळाले, टाळ्या सुरू झाल्या आणि अंपायरनं लेगबायची खूण म्हणून गुडघ्याला हात लावला तो जरा उशिरा. मी दोन लेगबाय लिहिले, बॅटला न लागता अंगाला लागून मिळालेल्या धावा, त्या ना बॅट्समनच्या ना बोलरच्या खात्यात. तुम्हाला म्हणालो पण होतो, तुम्ही तिकडं टाळ्या वाजवत होतात.

बी-३०४: बरोबर आहे हो. बोलरच्या रकान्यात मी टिंब, म्हणजे शून्य धावा, दिलंय बघा, आत्ता झूम करून बघितलं. म्हणजे हातानं टिंब बरोबर दिलं आणि बॅट्समनपुढं दोन मांडले, लेगबायमध्ये काहीच नाही. टीमचा टोटल तोच राहतो पण पन्नास नाही होत, ४८ च. पुढच्या महिन्यात कॅप्टनला फोन करून सांगतो, नाही, आजच करतो. वहिनी, पानावर दोन्ही छापा, आमच्या वहीत ५०, त्यांच्या वहीत ४८, आणि चूक आमच्या स्कोअररची.

ए-१०२: काका अंगावर काटा आला. आणि एक महत्त्वाचं, आत्ताच सरांचा फोन आला होता, जिन्याखालच्या खोलीत अजून दोन पोती जुनी रजिस्टरं आहेत आणि शनिवारी रद्दीवाला येणार आहे.

बी-३०४: शनिवारी?? सरांना सांगा हात लावू देऊ नका. उद्या सकाळी आठला मी गेटवर.

डी-४०३: माझी गाडी काढतो. स्कूटरवर दोन पोती बसायची नाहीत.

सी-२०२: मी पण येतेय. हाजरीपटात मुलींच्या खेळाचा तास कुठला होता ते बघायचंय मला.