१९४५ : युद्ध संपल्याचे मूळ कागद ऑनलाइन कुठे बघावेत?

खडूफळा
नववीच्या मुलांसाठी छोटं प्रदर्शन करतोय. विषय 'दुसरं महायुद्ध संपलं तो दिवस'. ए-थ्री आकाराचे सहा फलक. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून झिजलेले फोटो आणि खाली कुणाचंतरी सुविचारवजा वाक्य, हे नकोय. मूळ कागद हवेत. शरणागतीपत्रं, तारा, हाताने लिहिलेली टिपणं, जमलं तर आवाज. स्कॅन इतकं स्वच्छ हवं की मोठं छापल्यावर सही वाचता यावी.
अटी तीन. फुकट असावं, शाळेत लावायला परवानगीची कटकट नसावी, आणि मला इंग्रजीपलीकडे कुठलीही परदेशी भाषा येत नाही हे लक्षात असू द्या. गुगलून पाहिलं, पण इतक्या ठिकाणी इतकं काही आहे की सुरुवात कुठून करावी तेच कळेना.

जुनीपानं
सुरुवात शीर्षकापासून करा. 'तो दिवस' असा नव्हताच.
इटलीतल्या जर्मन फौजांनी कासेर्ता इथे २९ एप्रिल १९४५ला सही केली, पण अंमल २ मेपासून. वायव्य जर्मनीतल्या फौजा ४ मेला लुनेबुर्गच्या माळावर ब्रिटिश सेनानी माँटगोमेरीपुढे शरण आल्या. मग ७ मेच्या पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी फ्रान्समधल्या रेंसला जर्मन जनरल योडलची सही. रशियाला ती पुरेशी वाटली नाही, म्हणून ८ मेच्या रात्री उशिरा बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्टमध्ये जर्मन फील्ड मार्शल कायटेलने पुन्हा सही केली. तोवर मॉस्कोत ९ मे उजाडला होता, म्हणून त्यांचा विजयदिन अजूनही ९ मेलाच. पुढे १५ ऑगस्टला जपानी सम्राटाचं भाषण, २ सप्टेंबरला टोकियोच्या उपसागरात सह्या, १२ सप्टेंबरला सिंगापुरात माउंटबॅटनपुढे वेगळी शरणागती. या प्रत्येकाचा कागद आहे आणि बहुतेक घरबसल्या पाहता येतात.
तुमच्या तिन्ही अटींत चपखल बसणारी जागा म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार. त्यांच्या 'माइलस्टोन डॉक्युमेंट्स' विभागात जर्मनी आणि जपान दोघांची शरणागतीपत्रं आहेत, खाली टंकलिखित मजकूरही दिलाय. अमेरिकन सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून जे लिहिलं किंवा टिपलं त्यावर तिथे कॉपीराइट नसतो, त्यामुळे छापायला मोकळे.
लुनेबुर्गचा कागद शोधलात तर तारखेकडे बघा. माँटगोमेरीने आधी ५ तारीख घातली, मग खोडून ४ केली आणि शेजारी आद्याक्षरं टाकली. मुलांना शुद्धलेखनाच्या वहीत खाडाखोड करू नका सांगणाऱ्यांनी हा फलक जरूर लावावा.

कासवगती
+१. पण खाडाखोडीचा राजा दुसराच आहे.
टोकियोच्या उपसागरात 'मिझूरी' या अमेरिकन युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीपत्राच्या दोन प्रती होत्या, एक दोस्तांची, एक जपानची. जपानच्या प्रतीवर कॅनडाचे प्रतिनिधी कर्नल कॉसग्रेव्ह यांनी आपली ओळ सोडून खालच्या, म्हणजे फ्रान्सच्या ओळीवर सही ठोकली. मग फ्रान्सचे लक्लेर्क नेदरलँड्सच्या ओळीवर, डच न्यूझीलंडच्या, आणि न्यूझीलंडचे बिचारे इझिट यांना ओळच उरली नाही, त्यांनी तळाच्या मोकळ्या जागेत केली. शेवटी दोस्तांचे सरसेनापती मॅकआर्थर यांचे सहकारी जनरल सदरलँड यांनी पेन काढून छापील देशांची नावं खोडली आणि योग्य नावं हाताने लिहिली. महायुद्ध संपवणारा कागद, आणि आपल्या तलाठी कार्यालयातल्या उताऱ्यासारखी दुरुस्ती!
दोन्ही प्रतींची सह्यांची पानं शेजारी शेजारी लावा. 'फरक ओळखा' म्हणून एक पाटी टाका. मुलं तिथून हलणार नाहीत.

गस्तवाला
एक इशारा. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या अक्षरातलं एक टिपण सगळीकडे 'अणुबॉम्ब टाकण्याचा हुकूम' म्हणून फिरतं. पेन्सिलीतलं आहे, खाली आद्याक्षरं आहेत, दिसायला फार नाट्यमय. तो हुकूम नव्हे. बॉम्बनंतर जे निवेदन प्रसिद्ध करायचं होतं त्याच्या मसुद्यातल्या बदलांना युद्धमंत्री स्टिम्सन यांनी मंजुरी मागितली होती, तिला ३१ जुलैला पॉट्सडॅमहून दिलेलं ते उत्तर आहे : सूचना मंजूर, तयार झालं की सोडा, पण २ ऑगस्टच्या आधी नको. सोडायचं ते निवेदन.
खरा लेखी आदेश २५ जुलैचा. जनरल हँडी यांनी जनरल स्पाट्झ यांना लिहिलेलं पत्र, साधं टाइप केलेलं, सरकारी छापाचं. तेच लावा.

टिवल्याबावल्या
पण जपान अणुबॉम्बमुळे शरण आला हेच मुळात चूक. ८ ऑगस्टला रशियाने युद्ध पुकारलं म्हणून

जुनीपानं
टिवल्याबावल्या, नको. यावर दर वर्षी ऑगस्टमध्ये दोनशे प्रतिसादांचा धागा होतो आणि शेवटी संपादक कुलूप लावतात. वेगळा धागा काढा, मी येतो तिथे भांडायला.
कागदच बघायचे तर जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्हचा संग्रह आहे. नावावरून सरकारी वाटतं, पण तसं नाही. या विषयावरचे निवडक कागद त्यांनी लावलेत, प्रत्येकाला छोटी ओळख आहे. जपानचे परराष्ट्रमंत्री टोगो आणि त्यांचे मॉस्कोतले राजदूत सातो यांच्यातल्या तारा अमेरिका वाटेतच उकलत होती, ते गोषवारे त्यात मिळतील. युद्ध थांबावं अशी सम्राटाची इच्छा आहे, हे टोगोंनी १२ जुलैला कळवलेलं दिसतं. दोन्ही बाजूंना भांडायला दारूगोळा एकाच ठिकाणी.

खडूफळा
बापरे, एका रात्रीत एवढं? सगळ्यांचे आभार.
जपानच्या शरणागतीपत्राचं सह्यांचं पान मोठं करून पाहिलं. मध्ये हाताने वेळ भरलीय : ०९०४. पण त्यापुढे रोमन 'आय' अक्षर आहे. खाली ०९०८च्या पुढेही तेच. आधी एक वाटलं, म्हणजे ९०४१? मग आद्याक्षर वाटलं. काय आहे हे?

कासवगती
वेळेचा पट्टा. लष्करी पद्धतीत जगाचे पट्टे अक्षरांनी ओळखतात. ग्रिनिचची वेळ म्हणजे 'झेड', तिच्या नऊ तास पुढे 'आय', आणि जपान त्यातच येतो. ९ वाजून ४ मिनिटांनी जपानतर्फे शिगेमित्सू यांची सही, ९:०८ला मॅकआर्थर यांची. तारा, रोजनिशा वाचताना वेळेमागचं अक्षर सोडू नका, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर आल्यासारखं दिसतं. माझे यात दोन दिवस गेलेत.

सुईदोरा
अरोल्सन अर्काइव्ह्ज कुणीच सांगितलं नाही? जर्मनीतल्या बाड अरोल्सन गावी छळछावण्या, वेठबिगार आणि युद्धानंतरचे विस्थापित यांचं दप्तर आहे. सुमारे पावणेदोन कोटी माणसांची माहिती आहे आणि २०१३पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिवारशात. बराचसा भाग ऑनलाइन खुला आहे, शोध इंग्रजीतून चालतो.
तोफा थांबल्यावर माणसं कुठे गेली हे सह्यांच्या कागदांत नाही, ते इथे आहे. पण खडूफळा, प्रेतांचे फोटो लावू नका, नववीच्या मुलांना त्याची गरज नाही. एका विस्थापिताचं नोंदणीकार्ड घ्या. नाव, जन्मगाव, येणाऱ्या भाषा, आणि एक रकाना : कुठे जायची इच्छा आहे. तो रकाना वाचून मी बराच वेळ पुढचं कार्ड उघडलं नव्हतं.

अनवाणी
आवाज हवा होता ना? सम्राट हिरोहितोंचं १५ ऑगस्टच्या दुपारचं भाषण थेट नव्हतं, आदल्या रात्री तबकड्यांवर मुद्रित केलं होतं. त्या तबकड्या पळवण्यासाठी काही अधिकाऱ्यांनी रात्रीत राजवाड्यात धुडगूस घातला, पण त्या त्यांच्या हाती लागल्या नाहीत. मूळ तबकडीवरून केलेलं स्वच्छ मुद्रण जपानच्या राजघराणे खात्याने ऑगस्ट २०१५मध्ये खुलं केलं. साडेचार मिनिटांचं आहे. भाषा इतकी दरबारी की तेव्हाच्या कित्येक जपान्यांना अर्थ लागला नव्हता, त्यामुळे तुम्हाला कळलं नाही तरी बिघडत नाही.
जपानी कागदांसाठी जाकार, म्हणजे आशियाई ऐतिहासिक कागदपत्रांचं त्यांचं केंद्र. इंग्रजीतून शोधता येतं, कागद मात्र जपानीतच.

दऱ्याखोऱ्या
आपली माणसं राहिली की.
कासेर्ताच्या सहीआधी तीन आठवडे, ९ एप्रिलला, इटलीत सेनिओ नदीवर मराठा रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी जखमींना नदीपार नेलं आणि परत फिरून जर्मन मशीनगनची ठाणी उडवली. त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. त्याचं मानपत्र लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्राच्या जून १९४५च्या अंकात आहे, अंक फुकट उघडतो. शोधताना रेजिमेंटच्या इंग्रजी नावात 'मराठा'च्या मधे जादाचा 'एच' घाला, तेव्हा तसंच लिहीत. जाधव, कदम, शिंदे ही नावंही साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी उतरलीत, तेव्हा चार-पाच स्पेलिंगं करून पाहा.
जे परतले नाहीत त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. तिथे आडनावापेक्षा रेजिमेंट आणि तारखेची चाळणी लावा : १ एप्रिल ते २ मे १९४५, देश इटली. कित्येक नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. फोर्लीला भारतीय सैनिकांची स्वतंत्र दफनभूमी आहे, आणि ज्यांना अग्नी दिला त्यांचं स्मारकही.

गस्तवाला
स्कॅनबद्दल. पानावर दिसतं ते चित्र उजवं टिचकवून उतरवू नका, ती छोटी आवृत्ती असते. डाउनलोडचं वेगळं बटण शोधा, मोठी फाइल तिथे असते. त्याच वेळी कॅटलॉग क्रमांक वहीत उतरवा, नंतर सापडत नाही. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचे फोटो सुरेख, पण प्रत्येकाखाली परवान्याची ओळ असते, ती वाचून मगच छापा.
आणि पैसे मागणाऱ्या खासगी साइटीपासून लांब. मी एकदा एका साइटवर बऱ्यापैकी रक्कम भरून एक तार घेतली. घरी येऊन बघतो तर कोपऱ्यात सरकारी अभिलेखागाराचा शिक्का. मूळ जागी तीच फुकट, आणि जास्त स्वच्छ.
बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे संसदभवनावर, झेंडा फडकवणारा रशियन छायाचित्रकार खल्देईचा फोटो लावणार असाल तर खाली लिहा की प्रसंग फोटोसाठी उभा केलेला आहे. छापण्याआधी एका सैनिकाच्या हातावरचं दुसरं घड्याळ खरवडून काढलं आणि मागे जादा धूर घातला.

खडूफळा
फलक सहाचे नऊ झाले. शीर्षक बदलून 'युद्ध संपलं, कितव्यांदा?' ठेवलंय, मुख्याध्यापिकाबाईंनी भुवया उंचावल्या पण मान हलवली.
दऱ्याखोऱ्या, तुम्ही सांगितलेली चाळणी लावली. एका नोंदीत जे गाव निघालं, तिथून आमच्या वर्गात रोज एसटीने तीन मुली येतात. आडनाव इंग्रजीत असं काही लिहिलंय की मला चार प्रकारे वाचता येतं. तो फलक छापायचा थांबवलाय, नोंदीची प्रत त्या मुलींकडे दिली आहे. घरी विचारून सोमवारी सांगतो म्हणाल्यात.

दऱ्याखोऱ्या
नोंदीतला शिपाई क्रमांकही द्या त्यांच्याकडे. कुणाच्या घरी पेन्शनचा जुना कागद असेल तर नावापेक्षा तो आधी जुळेल.