मंगला, भाग्यम, ऐश्वर्या: तीन फील्ड आणि टर्मिनल एकच, असं का?

खानदेशी_केमिकल
नमस्कार मंडळी. मी जळगावची, केमिकल इंजिनिअरिंग झालंय, दोन वर्षं एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत काढली. आता राजस्थानात बाडमेरला एका सर्व्हिस कंपनीकडून प्रॉडक्शन केमिस्टच्या जागेसाठी बोलावणं आलंय. पहिल्या फेरीत विचारलं की मंगला, भाग्यम, ऐश्वर्या ही तिथली तेलाची तीन वेगळी फील्ड आहेत तर तिघांना मिळून एकच टर्मिनल (तेल गोळा करून पाणी-गॅस वेगळं करतात ती जागा) का, आणि मी "खर्च वाचतो" एवढंच बोलून गप्प बसले. दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात आहे. पुस्तकात वेल (तेलाची विहीर), रिझर्व्हॉयर (जमिनीखालचा तेलाचा थर), पाइपलाइन सगळं सुटं सुटं मिळतं पण एका भागातली चार-पाच फील्ड मिळून कशी उभी करतात ते कुठेच नीट सापडत नाहीये. कुणी तिकडे काम केलं असेल तर प्लीज सांगा, अगदी बेसिकपासून सांगितलं तरी चालेल. आणि आई विचारतेय तिकडे पाणी तरी असतं का.

वाळूतला_सातारकर
ताई आधी अभिनंदन. मी तिकडे सहा वर्षं ऑपरेशनला होतो, 14 दिवस ड्युटी 14 दिवस घरी. खर्च वाचतो हे चूक नाही पण तो का वाचतो ते त्या तेलात आहे. क्रूड भयंकर मेणचट, साधारण 40-45 डिग्रीच्या खाली आलं की थिजतं. आपल्याकडे थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते ना, तस्संच, फक्त हे आंघोळीच्या पाण्याइतकं गरम असतानाच थिजायला लागतं. सॅम्पल आणलं तेव्हा बाटलीत मस्त डुचमळत असतं, तेच जानेवारीच्या नाइट शिफ्टला टेबलावर ठेवून रजिस्टर भरत बसलात तर थोड्या वेळाने बाटली आडवी केली तरी हलत नाही, डबीतल्या बूट पॉलिशसारखं घट्ट बसलेलं असतं.

आता हे तेल वेलमधून निघाल्यापासून पार गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत कुठेच गार होऊ द्यायचं नाही, म्हणजे बॉयलर आले, गरम पाणी आलं, वीज आली, आणि भोगातपर्यंतची जवळपास 670 किलोमीटरची पाइपलाइन, तीसुद्धा फोमचं जाड आवरण घालून वाटेत जागोजागी विजेने तापवत ठेवलेली. हे सगळं प्रत्येक फील्डला वेगळं करायचं म्हटलं तर लहान फील्डचं गणित बसणारच नाही. मंगला जानेवारी 2004 ला सापडलं, सगळ्यात मोठं तेच, म्हणून टर्मिनल तिथे बांधलं आणि ऑगस्ट 2009 ला तेल सुरू केलं. तेही एकदम सगळं नाही, आधी रोज 30,000 बॅरलची एकच ट्रेन (ट्रेन म्हणजे तेल, पाणी, गॅस वेगळं करणारी एक अख्खी लाइन) आणि मग पुढच्या वाढवल्या, पाइपलाइन होईपर्यंत तर तेल गरम ठेवणाऱ्या टँकरमधून जायचं. भाग्यम 2012 ला आणि ऐश्वर्या 2013 ला आलं तेव्हा त्यांच्यासाठी बॉयलर, टर्मिनल, पाइपलाइन सगळं तयार होतं.

जळणासाठी गॅस आला दक्षिणेकडच्या रागेश्वरी फील्डमधून. आणि पाणी थुंबलीचं, जमिनीखालचं खारं, ते तापवून इंजेक्शन वेलमधून तेलाच्या थरात सोडतात कारण तेल काढत गेलं की आतला दाब उतरतो, आणि गार पाणी सोडलं तर खडकाच्या आतच मेण धरायची भीती. म्हणजे तेल एकाचं, गॅस दुसऱ्याचा, पाणी तिसरीकडचं. हे कागदावर काढून दाखवा त्यांना, नुसतं बोलू नका. आईंना सांगा कॅम्पवर प्यायचं पाणी व्यवस्थित असतं, काळजी करू नका म्हणावं.

बडोद्याचे_अण्णा
बेटा, मी गुजरातच्या फील्डमधून रिटायर झालो. आमच्याकडे हीच गोष्ट जीजीएस म्हणजे ग्रुप गॅदरिंग स्टेशन या नावाने चालायची, पुष्कळ वेलचं तेल एका ठिकाणी गोळा. पण सातारकरांच्या बोलण्यात एक भर घालतो. एकत्र असतं ते जमिनीवरचं. जमिनीखाली प्रत्येक फील्डचा प्लॅन वेगळाच करावा लागतो. अंकलेश्वर 1960 ला सापडलं, तिथलं तेल हलकं. तिथून वर मेहसाणाकडे बलोल-संथालला गेलात तर तेल इतकं दाट की जमिनीखाली हवा ढकलून त्यातलंच थोडं पेटवतात, त्या उष्णतेने बाकीचं पातळ होऊन पुढे सरकतं. राज्य एकच पण पद्धत पार निराळी. आणि एकच टर्मिनल म्हणजे ते शटडाउनला गेलं की तिन्ही फील्डला वेल बंद करून बसायचं, आणि मेणाचं तेल असताना बंद लाइन पुन्हा चालू करणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. फायद्याबरोबर हेही सांग, मुलाखत घेणारा खूश होईल.

खानदेशी_केमिकल
दादा, काका, खूप खूप आभार, वहीत आकृती काढलीसुद्धा. एकच राहिलं, मंगलात पॉलिमर सोडतात असं वाचलं. पाणी आहे तर पॉलिमर कशाला?

थराखालचा_माणूस
हे माझं काम म्हणून सांगतो. तिथलं तेल पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट आहे, मग नुसतं पाणी सोडलं की ते तेलाला ढकलायचं सोडून मोकळी वाट शोधून पुढे पळतं आणि थेट प्रॉडक्शन वेलमधून बाहेर येतं, वॉटर कट (वर येतं त्यातला पाण्याचा वाटा) वाढत जातो आणि तेल मागेच राहतं. पाण्यात थोडा पॉलिमर विरघळवला की पाणीच घट्ट होतं आणि तेलाला समोरून एकसारखं रेटतं. मंगलात आधी पायलट (छोट्या भागावर चाचणी) केला, नंतर 2014-15 च्या सुमारास पूर्ण फील्डवर नेला. पावडर नीट भिजवावी लागते नाहीतर गुठळ्या होतात, पिठलं करताना होतात तशा, आणि चोक व्हॉल्व्हमधून (प्रवाह आवळणारा व्हॉल्व्ह) जोरात नेलं तर पॉलिमरच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, सगळा घट्टपणा गेला.

आता तुमच्या कामाचं. काही काळाने तोच पॉलिमर तेलाबरोबर वर येतो आणि टर्मिनलला तेल-पाणी लवकर सुटं होत नाही, हीटरच्या नळ्यांवर थर चढतो. म्हणजे मंगलाच्या पोटात जे सोडलं त्याचा त्रास भाग्यम-ऐश्वर्याचं तेल येतं त्याच सेपरेटरला. प्रॉडक्शन केमिस्टला नेमका तिथेच बोलावतात. डिमल्सिफायर (तेल-पाणी सुटं करणारं केमिकल), बॉटल टेस्ट (ते बाटलीतल्या सॅम्पलवर तपासणं) कशी करतात, डोस कसा ठरवतात, एवढं पक्कं करून जा.