माळरानाला 'पडीक' कोण म्हणालं, विज्ञान की धोरण?

माळावरचा
रविवारी पहाटे सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलतो. गवत गुडघ्याएवढं, पँटीला सगळी कुसळं, लांब तीन काळविटं मान वर करून उभी. शेजारच्याच पट्ट्यात गिरीपुष्पाची दाट लागवड, तिथं खाली गवताची काडी नाही. माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, त्याला चारी बाजूंनी लांबपर्यंत दिसायला लागतं, झाडी त्याच्या काय कामाची? तरी सरकारी नकाशात असली कितीतरी माळरानं 'पडीक'मध्ये मोडतात. उपग्रहानं फक्त फोटो काढला, पडीक हा शब्द माणसानं दिला, ज्याला जमिनीतून लाकूड नाहीतर महसूल पाहिजे होता त्यानं. म्हणून माझं म्हणणं, शास्त्रज्ञांनी आपल्याला काय वाचवायचंय ते आधीच उघड सांगावं.

बार्शीकर
साफ नामंजूर. असं म्हणायला लागलात तर उद्या धूर सोडणारा कुणीपण म्हणेल की हवेचा आकडा म्हणजे तुमचं मत. विज्ञानानं मोजावं, काय करायचं ते लोकांनी नंतर ठरवावं.

सात रस्ता
हवेचंच घ्या की मग. पीएम 2.5 म्हणजे हवेतली अगदी बारीक धूळ, तिचं आपलं वार्षिक मानक घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं 2021 पासून 5. समजा आकडा 30 आला, तर इथं पास आणि तिथं मानकाच्या सहापट. धूळ तीच, पोरांची छाती तीच. किती त्रास चालवून घ्यायचा हे मशीन सांगत नसतंय ओ.

मोहोळचा शेतकरी
आमचं पण ऐका. अभयारण्य आधी 8,496 चौरस किलोमीटर, त्यात आमची सहा एकर गेली, वडिलांना बहिणीच्या लग्नाला जमीन विकायची होती, कागदच होईना, वर्षानुवर्षं हेलपाटे. मग एकदम 1,222 वर आणलं. पक्षी काय रेषा बघून उडतोय? दोन्ही वेळा आम्हाला कुणी विचारलं नाही. मूल्यं धरताय तर आमची पण धरा, आणि मेंढरामागं फिरणाऱ्या धनगराची पण, तो माळावर रोज असतो.

बार्शीकर
दादा, तुमचं पटलं. रेषा कुठं ओढायची हे मूल्यांवर ठरतं, एवढं मागं घेतो. पण मोजणीचं नाही. पक्षी वाचवायचाच म्हणणारा नुसत्या पावलाच्या ठशावर नोंद करणार आणि जमीन सोडवायची म्हणणारा डोळ्यासमोरचा पक्षी सोडणार. म्हणून कसं मोजणार ते आधी लिहून जाहीर करा, नंतर बदलायचं नाही.

माळावरचा
हे मान्य. पण काय मोजायचं तेही कुणीतरी ठरवतंच ना? राजस्थान-गुजरातचं बघा, माळढोक तारांना धडकून मरतात म्हणून 2021 ला सुप्रीम कोर्टानं वीजवाहिन्या जमिनीखालून न्यायला सांगितल्या, 2024 ला सौरऊर्जेची गरज बघून तो आदेश बदलला, तज्ज्ञांची समिती नेमली. एकीकडं पक्षी, एकीकडं हवामान, दोन्ही पर्यावरणच. कुठला आकडा वर ठेवायचा हे दुर्बिणीतून कसं दिसणार?

मोहोळचा शेतकरी
मोजायला याल तेव्हा आमच्या बांधावरनं सुरू करा, पहाटे पाचला. कुठं काय बसतंय ते दाखवतो, वहीत आमचं पण नाव लिहा.