महालात राहूनही बिऱ्हाडकरूच

महालातल्या साहित्य संग्रहालयात झुंबरंच दिसतात, लेखक सापडत नाही, असं काहीजण म्हणतात, पण ते सरसकट पटत नाही. सेंट पीटर्सबर्गचं रशियन कवयित्री आन्ना अख्मातोवा हिचं संग्रहालय बघा. महाल शेरेमेत्येव सरदारांचा, पण क्रांतीनंतर ती राहायची बाजूच्या इमारतीत, सामायिक बिऱ्हाडात. तिचा एकेकाळचा जोडीदार निकोलाय पुनिन, त्याचा ओव्हरकोट आजही तिथे टांगलेला आहे. १९४९ला त्याला अटक झाली, १९५३ला तो श्रमछावणीतच वारला. याच घरात पाळतीच्या भीतीने अख्मातोवा कवितेच्या ओळी कागदावर लिहून लेखिका मैत्रीण लिदिया चुकोव्स्कायाला दाखवायची आणि त्या पाठ झाल्या की ॲशट्रेवर कागद जाळून टाकायची, तोंडाने मात्र हवापाण्याच्या गप्पा! अशा घरापुढे झुंबरांचं काय कौतुक? गेलात तर लितेयनी रस्त्याकडून, बागेतून आत शिरा.